मी खोडलेली ओल

आमच्या घरात कोणी कधी आंघोळ करायची हे गिऱ्हाइकांवर अवलंबून असे. सदर नावाच्या वस्तीत रस्त्याच्या तोंडाशी बाबांचा फोटो स्टुडिओ, त्याच्या पाठीला लागून आमच्या दोन खोल्या आणि खोल्यांच्या शेवटी एकच न्हाणीघर. त्याच्या झरोक्याला काळं कापड ठोकून बाबांनी त्याचीच डार्करूम केली होती. ते आत फिल्म धुवायला बसले की मी आणि आई टॉवेल घेऊन बाहेर उभ्या. अंधारात घड्याळ दिसत नाही म्हणून बाबा मोठ्यानं "एक राम, दोन राम, तीन राम" असं मोजत, आणि आईनं त्या मोजणीवर आपला स्वयंपाक बसवला होता. "तुमच्या एका फिल्मात माझा भात होते," असं ती दाराबाहेरून ओरडून सांगायची, आणि खरंच व्हायचा. रविवारी बहुधा गोळाभात. डाळीच्या भरड्याचे तिखट गोळे भातात शिजत, वरून कडकडीत फोडणीचं तेल पडलं की चुर्र आवाज होई आणि हिंगाचा वास थेट कॅमेऱ्यासमोर बसलेल्या गिऱ्हाइकापर्यंत पोचे. ज्यांच्या चेहऱ्यावर हसू म्हणून फुटत नसे अशा माणसांना बाबा मुद्दाम त्याच वेळेला बोलावत, अशी माझी आजही शंका आहे.

माझं काम पेन्सिलीचं. उत्तरेकडच्या खिडकीशी एक उतरतं मेज होतं, त्याच्या मधोमध काच, काचेखाली आरसा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, पेन्सिलीला कानसेवर घासून सुईसारखं टोक करायचं आणि माणसांचे चेहरे दुरुस्त करायचे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. तोंडावरचा काळा डाग तिथं पांढरा दिसतो, त्यावर पेन्सिलीचे बारीक बारीक ठिपके भरले की छापलेल्या फोटोतून डाग गायब. देवीचे व्रण, मुरुमं, डोळ्यांखालची वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या, सगळं मी खोडत असे. अठराव्या वर्षी माझा हात असा बसला होता की माझ्या पेन्सिलीनं शहरातली किती लग्नं जुळवली याचा हिशेब देवालाच ठाऊक. एकदा एक वरबाप फोटो हातात नाचवत आला आणि विचारू लागला, "ही पोरगी कुठं हाय? आमाले दाखवली ते दुसरीच होती." बाबांनी त्याला चहा पाजून पाठवला. हल्ली माझ्या नातीच्या मोबाइलमध्ये एक बटण आहे. ते दाबलं की तोंड आपोआप गुळगुळीत होतं. "आजी, बघ जादू," ती म्हणते. ही जादू करता करता माझ्या मानेचं काय झालं ते तिला कोणी सांगावं!

मला मात्र ती जादू नको होती. मला कॅमेरा हवा होता. बाबांचा कॅमेरा पोटाशी धरायचा, वरून झाकण उघडून खाली काचेत पाहायचा, एकावर एक दोन भिंगं असलेला. बाबा गिऱ्हाइकाशी बोलायला बाहेर गेले की मी झाकण उघडून आमचीच बैठक त्या काचेत पाहत असे. रोजची खुर्ची, रोजचा पडदा, पण काचेत त्यांना एकदम ऐट येई. मागून मागून मी थकले. बाबा म्हणत, "बाईच्या हातानं कॅमेरा हलते." आईचं कारण वेगळं. फोटोग्राफर म्हणजे उन्हात हिंडणं, उन्हात हिंडणं म्हणजे काळं पडणं, आणि लग्नाच्या पोरीनं काळं पडणं म्हणजे संपलंच. दोघांपुढे मी एकटी किती भांडणार?

अशात नामदेवराव आले. लकडगंजात त्यांची सागवानाची वखार होती. दर दिवाळीला ते गिऱ्हाइकांना कॅलेंडर वाटत, बारा महिन्यांचे बारा देव. त्यांचं कॅलेंडर दुकानादुकानांतून टांगलेलं असे. आमच्याच गल्लीच्या तोंडावर तेव्हा एक नवा, चकचकीत स्टुडिओ उघडला होता आणि बाबांची जुनी गिऱ्हाइकं आमच्या दारावरून मान खाली घालून तिकडे जात होती, म्हणून नामदेवरावांना पाहताच बाबांनी खुर्ची स्वतः पुसली.

"भाऊ, या साली देव नाही पायजे," नामदेवराव बसत म्हणाले. "आमच्या गावचा पहाड पायजे. काटोलच्या पल्याड हाय. बारा महिन्याचे बारा फोटो, अन् बाराही त्याचेच."

"एकच पहाड बारा वेळा? लोक टांगतीन का शेठ?"

"बायकोचं तोंड बाराही महिने एकच पायतो ना गा आपण? कटाळलो का?"

आतून आईला जोरात ठसका लागला. काम ठरलं. कॅलेंडरवर खाली स्टुडिओचं नाव छापायचं हेही ठरलं. त्या दिवशी बाबा दोन वेळा जेवायला विसरले आणि दोन्ही वेळा त्याबद्दल बोलणी खाल्ली.

बाबा एकटेच गेले. त्यांचा आयुष्यभराचा नियम म्हणजे दोन दिवे, दोन्ही समोरून. तोंडावर सावली पडणं म्हणजे गिऱ्हाइकाचा अपमान, असं ते मानत. तोच नियम त्यांनी पहाडाला लावला. सकाळचं तिरपं ऊन त्यांनी झाडाखाली बसून जाऊ दिलं, आणि सूर्य पार डोक्यावर आल्यावर, कुठंही सावली उरली नाही अशी खात्री करून, बारा ठिकाणांहून बारा फोटो काढले. परत आल्यावर म्हणाले, "सूर्य आपलं ऐकत नाही, पण बाराच्या सुमारास थोडा ताळ्यावर येते." निगेटिव्ह माझ्या मेजावर आल्या. मी पाहिलं तर पहाडाच्या तोंडावर आडव्या सुरकुत्या आणि बरोबर मधोमध, वरच्या कडेच्या खाली, एक मोठा वेडावाकडा काळा डाग. मी त्याच्याकडे मुलीच्या बापाच्या नजरेनं पाहिलं. मला इतकी दया आली त्या पहाडाची! तीन दिवस बसून मी बाराही निगेटिव्हवरून सुरकुत्या पुसल्या आणि तो डाग बारा वेळा खोडला. छापल्यावर बाबा खूश झाले. "पहाड जसा आत्ताच न्हाऊन आला," ते म्हणाले. असं कौतुक त्यांनी माझं आधी कधी केलं नव्हतं.

नामदेवरावांनी चष्मा लावला आणि पहिला फोटो उचलला. मग दुसरा. तिसऱ्याला त्यांचा हात थांबला आणि तोंड उतरलं.

"ओल कुठं गेली?"

"कोणती ओल?" बाबांनी विचारलं.

"पहाडाची ओल! काळी. मधात. दसऱ्याले गेलो होतो तवा होती. इतक्यात आटली?" ते खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले. "भाऊ, त्या ओलीवर आमच्या साऱ्या गावाच्या विहिरी हायेत. ते जोवर काळी तोवर विहिरीत पाणी. होळीपावतर काळी रायली त साल निघते. अन् हे दिवाळीलेच आटली? घरच्यांनी मले कळवलं बी नाही!" बोलता बोलता त्यांनी टोपी घातली. बस स्टँडवर जाऊन मिळेल त्या गाडीनं गावी निघायचं, असं त्यांचं ठरलं होतं.

मी आतल्या दाराशी उभी होते. तिथूनच परत फिरावंसं वाटलं. तरी बोलावं लागलं. "काका, ओल आटली नाही. मी खोडली."

"खोडली?"

"पेन्सिलनं. मले वाटलं डाग हाय."

आधी त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की समोरचा फोटो उडाला. "म्हणजे हाय! ओल हाय!" आणि मग एकदम आवाज चढला, "पोट्टे, तू आमचं पाणी खोडलं वं!"

बाबांनी लगेच स्पिरिट आणि कापूस आणला. तिथंच एका निगेटिव्हवरची पेन्सिल मी पुसली आणि बाबांनी ती छापून आणली. ओल परत आली, पण नामदेवराव आता सगळंच संशयानं पाहू लागले होते. "ओल आली, पण पहाड कुठं हाय? हा त पापड वाटून रायला. आमच्या पहाडाले पायऱ्या हायेत, पोट हाय, खांदे हायेत. सकाळी एक दिसते, सांजेले दुसरा. तुमी त्याचा पासपोर्ट काढला!" बाबांचं तोंड मला बघवेना. चाळीस वर्षांत कोणी त्यांच्या फोटोला नाव ठेवलं नव्हतं, आणि चूक दोघांनी मिळून केली होती. शेवटी नामदेवराव निघता निघता थोडे निवळले. म्हणाले, "प्रेसवाला चार दिवस थांबते. एक डाव अजून जा. नाही जमलं त मी आपला परत बारा देवांवर येतो, अन् दुसरा स्टुडिओ पाहतो. अन् या पोट्टीले संगं न्या. जिनं खोडली, तिनं एकदा डोळ्यानं पाहून घ्यावं."

आईनं आकाशपाताळ एक केलं. येत्या रविवारी मला पाहायला उमरेडचे पाहुणे येणार होते. "उन्हानं काळी होऊन येजो म्हणजे झालं! फोटोत त गोरी करशील वं, पण पाहुणे समोर बसतीन तवा पेन्सिल कोठी फिरवशील?" असं म्हणत म्हणतच तिनं तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या, सोबत लिंबाचं लोणचं बांधलं आणि तोंडाला गुंडाळायला स्वतःची जाड ओढणी दिली. आईचं असंच होतं. नकार तोंडात आणि शिदोरी हातात.

दिवस मावळता आम्ही गावात पोचलो. नामदेवरावांची थोरली भावजय, गिरजाकाकू, शेती पाहत असे. बातमी आमच्या आधी पोचली होती. "हेच का वं ते पाणी खोडणारी?" तिनं दारातच विचारलं, आणि घरातल्या सगळ्या बाया खो खो हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार! चुलीवरची भाकर, बेसन, त्यावर कच्चं तेल आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. त्या बेसनाची चव मी पुढे पुष्कळ वेळा करून पाहिली, जमली नाही. मीठ तेच, पीठ तेच, पण मग काय राहतं कोण जाणे.

पहाटे काकूनं उठवलं. कपाशीच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आम्ही चालत गेलो तेव्हा दवानं माझा परकर गुडघ्यापर्यंत ओला झाला. समोर उत्तरेला पहाड म्हणजे नुसता एक काळा ढीग, वर सपाट, जसा कोणी माथा चाकूनं कापून नेला असावा. त्याच्या मागचं आभाळ जेमतेम उजळत होतं. बाबांनी तिपाई रोवली, कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, खाली पाहिलं. मग धोतराच्या सोग्यानं काच पुसली. पुन्हा पाहिलं. चष्मा काढून तोही पुसला. तिसऱ्यांदा त्यांनी काच पुसली तेव्हा मला नवल वाटलं.

"मंदे, पाय बरं," ते म्हणाले. "काचेले वाफ धरली का?"

मी वाकून पाहिलं. काच कोरडी ठणठणीत होती. तिच्यात पहाड उभा होता, त्याची कड न् कड दिसत होती. "नाही बाबा. चांगला दिसून रायला."

"कुठं दिसून रायला?"

"हा काय. ही वरची कड, हे आभाळ."

बाबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मले नाही दिसत." तेव्हा मला कळलं की दोन वर्षं ते स्टुडिओत एकामागून एक मोठे बल्ब का लावत होते, आणि अंधुक जागी फोटो काढायचा म्हटला की त्यांची पाठ का दुखत असे. मला रडू आलं. रडायला वेळ नव्हता, कारण पहाडाच्या उजव्या अंगाला आभाळ तांबूस होऊ लागलं होतं. "घाई कर," बाबा म्हणाले, आणि तिपाईच्या बाजूला झाले. उजेड किती, भिंग किती उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं, ते सगळं त्यांनी आभाळाकडे पाहून तोंडपाठ सांगितलं. ते गणित त्यांचं, नजर माझी. मी खटका दाबला. हात हलला नाही.

एका फिल्मवर बाराच फोटो. दुसरी फिल्म होती, पण ती बाबांनी पिशवीच्या तळाशी देवासारखी जपली होती. म्हणून प्रत्येक फोटोआधी आम्ही वाट पाहायचो. ऊन आधी पहाडाच्या माथ्यावर उतरलं आणि मग हळूहळू खाली येऊ लागलं. जसजसं येई तसतशी एक एक पायरी उघडी होई. वर उजेड, खाली सावली, पुन्हा उजेड, पुन्हा सावली. मी पेन्सिलीनं पुसलेल्या सुरकुत्या त्या ह्याच! "बाबा, पायऱ्या!" मी ओरडले. "किती?" त्यांनी विचारलं. मी मोजल्या तर आठ. ते खुशीत येऊन म्हणाले, "सावली पडू दे. पडू दे." माझ्या बापाच्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच ऐकत होते.

काकू किटलीत चहा घेऊन आली आणि आमच्याशेजारी धुऱ्यावर बसली. "मास्तर सांगे, हा पहाड आगीतून झाला," ती म्हणाली. "जमिनीतून आग वाहत आली अन् थरावर थर बसला. मी म्हणतो, आगीतून आला अन् साऱ्या गावाले पाणी पाजते, म्हणजे सासरी आलेली बाईच हाय तो." पुढे भूगोलाच्या पुस्तकांतून मी तेच वाचलं. ज्वालामुखीच्या रसाचे थर, एक निवला की त्यावर दुसरा, तव्यावर एकावर एक धिरडी घालावीत तसे, आणि दोन थरांच्या सांध्यातून झिरपणारं पाणी. पण मला ते खरं समजलं त्या धुऱ्यावर, बशीतला चहा फुंकताना.

दुपारी पहाड पुन्हा पापड झाला. बाबा म्हणाले, "आता नको काढू, ते माझं पाप आधीच हाय आपल्याजवळ." तरी मी एक काढला. दुपारचाही चेहरा त्याचाच होता. पुऱ्या खाल्ल्या, ओढणी तोंडाला गुंडाळायची राहून गेली, आणि चारच्या सुमाराला एक गंमत झाली. ऊन डावीकडून तिरपं आलं आणि तो काळा डाग एकाएकी लखलखला. ओल्या दगडावर ऊन पडून सगळी ओल चांदीसारखी पांढरी झाली. कापूस वेचणाऱ्या बायांनी त्याच क्षणी ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा केला आणि घराकडे चालू लागल्या. "आमचं घड्याळ हाय ते," काकू म्हणाली. "ओल चमकली की वेचणी बंद. मालकानं कितीबी बोंबललं तरी बंद." मी घाईनं फोटो घेतला. आनंदानं मला हसू आवरत नव्हतं, आणि बाबा, ज्यांना ती चमक लांबून अगदी स्पष्ट दिसत होती, लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते.

एक फोटो उरला. सूर्य बुडाला, पायऱ्या एकीमागून एक मिटल्या. शेवटची बस फाट्यावर यायची वेळ झाली आणि बाबा पिशवी आवरू लागले. "दाब अन् चल." मला वाटत होतं, अजून नाही. "थांबा," मी म्हणाले. बाबांना 'थांबा' म्हणणारी मी घरातली पहिलीच. ते थांबले. लांबून बसचा भोंगा ऐकू आला, वाजत वाजत गेलासुद्धा. मग पहाडाच्या मागचं आभाळ परत एकदा, अगदी थोडा वेळ, उजळलं आणि त्यावर ती सपाट कड रेखून काढल्यासारखी उभी राहिली. मी खटका दाबला. त्या रात्री आम्ही पुन्हा बेसन-भाकर खाल्ली आणि घरी आईनं रात्र जागून काढली, हे दुसऱ्या दिवशी आम्हाला सविस्तर ऐकायला मिळालं. रविवारी पाहुणे आले, मला पाहून गेले. पोरगी सावळी आहे, असा निरोप आला. आई आठ दिवस धुसफुसत होती, मी न्हाणीघरात शिरून हसून घेत होते.

नामदेवराव फोटो पाहायला आले त्या सकाळी बाबांनी बाराही फोटो सतरंजीवर ओळीनं मांडले होते. एकावरही पेन्सिल फिरली नव्हती. नामदेवराव चपला काढून सतरंजीवर टेकले आणि एका टोकापासून पाहत निघाले. मी मेजाशी, त्यांच्याकडे पाठ करून बसले होते, पण कान सगळे तिकडेच. चमकत्या ओलीपाशी आले तेव्हा त्यांनी फोटोवर तळहात ठेवला, जसं जनावराच्या पाठीवर ठेवतात. "चार वाजले," ते स्वतःशीच म्हणाले. मग बाबांकडे वळले. डोळे भरले होते. "भाऊ, का फोटो काढले गा तुमी! मले घरी नेऊन सोडलं."

मी पेन्सिल घट्ट धरून बसले. बाबा काय बोलतील ते मला ठाऊक होतं. 'आपली कृपा' म्हणतील, आणि त्यांनी तसं म्हटलं असतं तर मी एक शब्दही बोलले नसते. गल्लीच्या तोंडावर नवा स्टुडिओ होता. चाळीस वर्षांचं नाव होतं.

"मी नाही काढले," बाबा म्हणाले. "हिनं काढले. मले काचेत काही दिसतच नव्हतं."

आत आईच्या हातातलं भांडं पडलं. पडदा सरला आणि ती तशीच बाहेर आली, गिऱ्हाईक बसलंय हे विसरून. "दिसत नाही? कधीपासून? अन् मले काहून नाही सांगितलं?" बाबांनी मान खाली घातली. मी उठून उभी राहिले. नामदेवरावांनी एकदा बाबांकडे, एकदा आईकडे पाहिलं. मग ते सतरंजीवरून उठले, बाबांच्या समोरची खुर्ची उचलून माझ्या मेजासमोर आणून ठेवली आणि तिच्यावर नीट बसले.

"मंग मंदाबाई," ते म्हणाले, "तुमी सांगा. जानेवारीले यातला कोणता लावाचा?"